खुणेची कथा



आमच्या गावात पत्ता सांगताना अजूनही ‘वडापासून डावीकडं वळा’ असं सांगतात. तो वड पडून तीस-पस्तीस वर्षं झाली. आता तिथं पंक्चरचं दुकान आहे. तरी एसटीचा थांबा वडाचाच, आणि कंडक्टर ‘वडाची मंडळी, चला’ असंच म्हणतो. त्या वडाहून उंच आणि डेरेदार झाडं गावात तेव्हाही होती, आजही आहेत. त्यांच्यावरून कुणी वाट सांगत नाही. जुनी माणसं अशा झाडाला ‘खुणेचं झाड’ म्हणतात.

मला विषय दिला आहे तो असा: मराठीतल्या कोणत्या कथांना ‘आयकॉनिक’ म्हणावं? हा शब्द आता सगळीकडं ऐकू येतो, गाण्याला, गाडीला, वडापावलासुद्धा लावतात. आपल्याकडं त्याच्या जवळ जाणारे शब्द आहेत, पण प्रत्येकाचा रोख वेगळा. ‘अभिजात’ म्हटलं की गुणवत्तेचा निवाडा येतो, ‘गाजलेली’ म्हटलं की गर्दी येते. ‘अजरामर’ हा शब्द आपण श्रद्धांजलीच्या सभांमध्ये इतका वापरला आहे की त्याची धार गेली. म्हणून आज मी ‘खुणेची कथा’ असं म्हणणार आहे. वाचणाऱ्याला आणि न वाचणाऱ्यालाही जिच्यावरून वाट सांगता येते, ती कथा.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांच्याकडूनच मी अशी पहिली कथा ऐकली. शनिवारची सकाळची शाळा होती आणि शेवटचा तास मराठीचा. गुरुजी खिडकीच्या कठड्याला टेकून उभे राहिले, हातात पुस्तक नव्हतं. त्यांनी आम्हाला भीमाची गोष्ट सांगितली. दगडाच्या खाणीत काम करणारा, अंगानं राक्षसासारखा भीमा. खाण बंद पडते. मग तो रात्री स्मशानात जातो, चितेची राख चाळतो, मढी उकरतो, त्यांच्या अंगावरचं गुंजभर सोनं काढतो आणि त्यावर घर चालवतो. एका रात्री ताज्या मढ्यावर कोल्ह्यांची टोळी त्याच्याआधी पोहोचलेली असते. माणूस आणि जनावर एकाच मढ्यासाठी झुंजतात. ती झुंज गुरुजींनी दहा मिनिटं सांगितली असेल. मागच्या बाकावरची मुलं उभी राहिली होती. भीमा जिंकतो, मढ्याच्या तोंडात सोनं शोधायला बोटं घालतो आणि जबडा मिटतो. बोटं अडकतात, चेंगरतात, शेवटी डॉक्टर ती कापून टाकतो. आम्ही सगळे आपापली बोटं मुठीत धरून बसलो होतो. मग गुरुजी म्हणाले, ‘त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाली.’ एवढंच. त्यांनी हजेरीपट काखेत घेतला आणि ते वर्गाबाहेर गेले. घंटा अजून व्हायची होती.

कथा अण्णा भाऊ साठ्यांची, ‘स्मशानातील सोनं’. लेखकाचं नाव त्या दिवशी मला कळलं नव्हतं, की गुरुजींनी सांगितलं आणि मी विसरलो, ते आठवत नाही. कथा मात्र आठवत राहिली. पुस्तक हाती आलं ते कॉलेजात. वाचलं तेव्हा लक्षात आलं की गुरुजींनी कोल्ह्यांची झुंज रंगवली होती आणि घरातली माणसं वगळली होती. भीमाची बायको वगळली होती, त्याची लेक वगळली होती. छापील कथेत त्याच दोघी भीमाला स्मशानाकडं ढकलतात आणि त्याच त्याला मागं ओढतात. शिवाय ऐकताना मला भीतीची जागा वाटली होती ती मढ्याच्या जबड्याची. वाचताना कळलं की खरी भीती शेवटच्या बातमीत आहे. काम होतं तेव्हा हात होता. काम गेलं, हात स्मशानाकडं वळला. आता काम आलं आहे, तर हात नाही. कोल्हे, काळोख आणि कुजलेलं मढं ओलांडून अण्णा भाऊ आपल्याला इथं आणून सोडतात.

अण्णा भाऊंचा जन्म १९२०चा, वाटेगावचा. वारणेच्या खोऱ्यातून ते मुंबईला पायी गेलेले. पुढं गिरणीत, रस्त्यावर, मिळेल तिथं काम केलं. खाण बंद पडली म्हणजे काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

१९८२चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा आमचे एक नातलग लालबागला साच्यावर होते. संप लांबला, ते गावी आले, शेतावर टिकले नाहीत, परत गेले, हमाली केली, मग दारू लागली. काही वर्षांनी त्यांना कुणीतरी निरोप दिला की अमुक गिरणी सुरू होतेय, नावं घेताहेत. आमच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, ‘खाण उघडली रे, पण बोटं कुठंयत?’ ते चौथी शिकलेले. त्यांनी कथा वाचली होती की कामगार वस्तीतल्या एखाद्या सभेत ऐकली होती, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण त्या दिवसापासून खुणेची कथा म्हणजे काय, याबद्दल माझ्या मनात संशय उरला नाही. आपल्या आयुष्याबद्दल बोलायला दुसरे शब्द मिळेनात म्हणून माणूस ज्या कथेकडं वळतो, ती खुणेची.

प्रेमचंदांची ‘कफन’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. तिथंही मढं आहे, भूक आहे आणि मढ्याच्या नावानं मिळालेला पैसा आहे. घीसू आणि माधव कफनाच्या पैशाची दारू पितात. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचाव्यात असं मी नेहमी सांगतो. प्रेमचंदांच्या बापलेकांनी कामावरचा विश्वासच सोडला आहे. अण्णा भाऊंच्या भीमाचा तो सुटलेला नाही, आणि त्याची शोकांतिका त्यातूनच येते. हिंदीत ‘कफन’ हा शब्द उच्चारला की कथा उभी राहते. आपल्याकडं ‘स्मशानातील सोनं’ला तेवढं स्थान मिळायला फार वेळ लागला. त्याची कारणं कथेत नाहीत, ती आपल्यात आहेत.

कथा कोण निवडतं, हा प्रश्न इथं येतो. काही वर्षांपूर्वी एका प्रातिनिधिक संग्रहासाठी कथा निवडायला आम्ही पाचजण बसलो होतो. प्रकाशकांनी पानं ठरवून दिली होती. दोन दिवस चर्चा झाली, चांगली झाली, आवाजही चढले. पण मला आठवतं ते असं की सर्वांत जास्त कथा गुणवत्तेवर गळल्या नाहीत, लांबीवर गळल्या. जी. ए. कुलकर्ण्यांच्या ‘रमलखुणा’ या पुस्तकात दोनच कथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. त्यातली एक घेतली असती तर चार लेखक बाहेर गेले असते. म्हणून आटोपशीर कथा घेतली. सगळे संग्रह असेच होतात. पंधरा पानांत मावणारी कथा पुढं जाते, विद्यार्थी तीच वाचतात, प्राध्यापक तीच शिकवतात, आणि वीस वर्षांनी ती त्या लेखकाची ‘प्रातिनिधिक’ कथा ठरते. अभ्यासक मग तिच्यात लेखकाचं सार शोधतात. शोधलं की सापडतंच.

मराठी कथेचा संसार पहिल्यापासून नियतकालिकांवर चालला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढलं आणि त्यातून ‘स्फुट गोष्टी’ दिल्या. दुष्काळावरची त्यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा आजही वाचवत नाही इतकी खरी आहे. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, आणि त्या दिवसापासून आश्विन महिना मराठी कथेच्या सुगीचा झाला. याच ‘मनोरंजन’मध्ये १९२२ साली दिवाकर कृष्णांची ‘अंगणातला पोपट’ आली. हैदराबादेत वकिली करणारा हा माणूस. पहिल्या पुस्तकाचं नाव ‘समाधी आणि इतर सहा गोष्टी’. म्हणजे सगळ्या मिळून सातच. त्या सातांवर मराठी कथेनं वळण घेतलं, माणसाच्या बाहेरच्या घडामोडी सोडून ती त्याच्या आत शिरली. पुढं फडके-खांडेकरांचा मोठा काळ झाला. त्याच्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे, मी थांबत नाही.

‘सत्यकथा’पाशी मात्र थांबावं लागेल. १९३३ ते १९८२ एवढं तिचं आयुष्य. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांची नवकथा वाढली, आणि पुढं जी.एं.चं लेखन आलं. संपादक कथा परत पाठवायचे, पत्र लिहायचे, पुन्हा लिहून मागायचे. आज कुणाला खरं वाटणार नाही इतक्या बारकाईनं हे काम चालायचं. मी त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण एकाच दारातून आत यायचं म्हटलं की दाराची उंची ठरलेली असते. अनेकांना वाकून येणं मान्य नव्हतं. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली, ती याच रागातून. अंक जाळणं मला पटत नाही, राग मात्र पटतो. मराठी कथेत काय चांगलं, हे गिरगावातल्या एका कचेरीत ठरत असेल, तर वाटेगावच्या किंवा विहितगावच्या माणसाची कथा चांगली हे कोण ठरवणार?

विहितगाव हे नाशिकजवळचं बाबुराव बागुलांचं गाव. १९६३ साली त्यांचा पहिला कथासंग्रह आला, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. त्यातली शीर्षककथा मी आज सर्वांत वर ठेवतो. तिच्यावर थोडा वेळ घेणार आहे.

कथा घडते सुरतेजवळच्या उधन्याला, रेल्वेत. रेल्वेत नोकरी मिळालेला तरुण मोठ्या उमेदीनं तिथं येतो. नवा देश, नवी राज्यघटना, हातात काम, डोक्यात कविता. राहायला खोली पाहिजे आणि खोली म्हटलं की जातीचा प्रश्न येतो. तो मुंबईचं नाव पुढं करतो, मुंबईचा माणूस हीच आपली ओळख म्हणून सांगतो. रामचरण तिवारी त्याला मान देतो, घरी नेतो, जेवू घालतो. तिथंच कामाला काशिनाथ आहे, जात न लपवणारा, तापट, अपमान झाला की अंगावर जाणारा. नायकाला काशिनाथ जवळचा वाटतो आणि त्याची भीतीही वाटते, कारण त्याच्याशी जवळीक म्हणजे उघडं पडणं. शेवटी उघडं पडायचं ते पडतंच. काल ज्या घरात ताट वाढलं गेलं, तिथली माणसं त्याला बडवतात. काशिनाथ त्याला सोडवतो. आणि मार खाल्लेला हा तरुण शेवटी सांगतो की हात त्यांचे असले तरी मारणारा वेगळा होता, फार जुना होता.

बागुल स्वतः सुरतेला रेल्वेत होते. घर मिळावं म्हणून जात लपवावी लागली, ती घुसमट सहन झाली नाही, नोकरी सोडली. पण ही आत्मकथा नव्हे. आत्मकथेत काशिनाथ इतक्या बरोबर वेळी येत नाही.

आता शीर्षकाकडं पाहा. मराठीत आपण अंग चोरतो. बसमध्ये गर्दी झाली की अंग चोरून बसतो. पाहुण्यासमोर सून अंग चोरून वावरते. काम चोरतो, नजर चोरतो. यातल्या एकाही ठिकाणी दुसऱ्याची वस्तू पळवलेली नसते. आपलंच काहीतरी आपण आकसून घेतो, दिसू देत नाही. बागुलांनी या घरगुती क्रियापदापुढं ‘जात’ हा शब्द ठेवला आणि शतकानुशतकं जे चाललं होतं त्याला एका क्षणात नाव मिळालं. आणि त्याच वेळी ‘चोरली’ या शब्दाचा दुसरा अर्थही जागा झाला. ज्याचं सगळं लुटलं गेलं आहे त्यालाच स्वतःला चोर म्हणवून घ्यावं लागतं. ‘लपवली होती’ असं शीर्षक दिलं असतं तर कथा तीच राहिली असती, पण ती खुणेची झाली नसती. जेरी पिंटो यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०१८ साली आला, पंचावन्न वर्षांनी. इंग्रजीत ‘लपवणं’ आलं, ‘चोरणं’ आलं नाही. अनुवादकाचा त्यात दोष नाही. अंग चोरायची सवय ज्या भाषेला आहे तिथंच जात चोरता येते.

मी गेली काही वर्षं महाविद्यालयांत बोलायला जातो. भाड्यानं खोली शोधणाऱ्या मुलांशी बोलणं होतं. एका मुलीनं मला सांगितलं, ‘सर, पुण्यात आम्ही आडनाव चोरतो.’ तिनं बागुल वाचले नव्हते. मी पुस्तक दिलं तेव्हा मुखपृष्ठ पाहूनच ती गप्प झाली.

बंधुमाधव यांच्या कथेचंही असंच झालं. दिवसभर राबून धान्य न मिळालेला म्हातारा गोठ्यातली, शेणात पडलेली शिळी भाकरी उचलून घरी नेतो आणि तीच खाऊन मरतो. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली दलित साहित्याचं मोठं इंग्रजी संकलन केलं. कविता, कथा, आत्मकथनं, भाषणं, सगळं त्यात होतं. त्या सगळ्यासाठी नाव शोधताना त्यांना या एका विषारी भाकरीचं नाव पुरलं.

भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ पाठ्यपुस्तकातून शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली. बाप आणि मुलगा टोमॅटो घेऊन बाजाराला येतात. भाव इतका पडतो की बाप आपला माल स्वतःच्या पायांनी तुडवतो. पुढं कधीही टोमॅटोचे भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी क्रेट रस्त्यावर ओतले की वर्तमानपत्रं बातमीला मथळा देतात, ‘टोमॅटोचा लाल चिखल’. मथळा देणाऱ्या उपसंपादकाला कथा आठवत असेल किंवा नसेल. शब्द तिनं दिलेले आहेत. मराठवाड्यातल्या एका शिक्षकानं लिहिलेल्या काही पानांनी आपल्या बाजारभावाच्या बातमीची भाषा बदलली, एवढं मला पुरेसं आहे. वाङ्मयीन दृष्ट्या ती निर्दोष आहे का, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा.

इथवर मी ज्या कथा घेतल्या त्या सांगता येतात. तोंडानं सांगून पोहोचतात. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन करून हे अक्षरशः सिद्ध केलं. ‘धिंड’, ‘व्यंकूची शिकवणी’, ‘माझ्या बापाची पेंड’ या कथा हजारो लोकांनी कानांनी वाचल्या आहेत. विनोदी कथेला खुणेची म्हणायला आपले समीक्षक कचरतात, त्यांच्याशी माझं पटत नाही. मिरासदारांच्या गावातली वल्ली आपल्याला ओळखीच्या वाटतात, कारण ती ओळखायची कशी हे त्यांनी शिकवलं.

पण सांगता येणं हीच कसोटी धरली तर फार मोठा अन्याय होतो, आणि तो मी स्वतः बरीच वर्षं केला. कुसुमावती देशपांडे यांच्या कथा सांगता येत नाहीत. ‘दीपकळी’ किंवा ‘मोळी’ उघडा. तिथं घटना फार थोडी. एक दुपार असते, एक बाई काहीतरी करत असते, मनात काहीतरी हलतं आणि परत स्थिर होतं. काय झालं म्हणून विचारलं तर काही झालं नाही असंच सांगावं लागेल. नवकथा नवकथा म्हणून ज्याचा डंका पुढं वाजला, त्याची पायवाट या बाईंनी आधीच पाडून ठेवली होती. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, हे पद मिळालेल्या पहिल्या स्त्री. सन्मान मिळाला, पण त्यांची एक कथा ज्याच्या त्याच्या तोंडी आहे असं झालं नाही.

विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं तेव्हा गहजब झाला. टोपणनावामागं कोण बाई आहे याचा शोध लोकांनी कथेपेक्षा जास्त मन लावून घेतला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, हे त्याआधी मराठीत असं आलेलं नव्हतं. इथंही शीर्षकच खूण झालं. तीस वर्षांनी कमल देसाई आल्या, ‘रंग’ घेऊन. त्यांना वाचणारे कमी, पण जे वाचतात ते त्यांना विसरत नाहीत. गोव्यात लक्ष्मणराव सरदेसायांनी पोर्तुगीज अमलाखालचं तिथलं जग मराठी कथेत आणलं. महाराष्ट्रातल्या संग्रहांनी त्यांना पुरेशी जागा दिली नाही, आणि गोव्यातले वाचक त्याची हक्कानं आठवण करून देतात. योग्यच करतात.

म्हणून मी माझी कसोटी दुरुस्त केली आहे. काही कथा गोष्ट म्हणून लक्षात राहतात. काही कथांची फक्त एक जागा लक्षात राहते, एखादी खिडकी, एखादा हात, पायरीवर पडलेलं ऊन. पण ती जागा नंतर आपल्या डोळ्यांत कायमची बसते आणि तशी खिडकी दिसली की तीच कथा आठवते. हीही खूणच. ती कानांनी पसरत नाही, एकेका वाचकात रुजत जाते, म्हणून तिला वेळ लागतो.

चित्रपटाचाही एक प्रकार आहे. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून १९८३ साली गोविंद निहलानींनी ‘अर्धसत्य’ केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींचा फौजदार साऱ्या देशाला ठाऊक झाला. पानवलकरांची कथा मात्र सावलीत गेली. मी तिला खुणेची म्हणतो का? आज नाही म्हणत. ती उत्तम आहे. पण लोक तिच्याकडं वाट विचारायला जात नाहीत, ते चित्रपटाकडं जातात. हे सांगताना मला वाईट वाटतं.

आणि जी. ए.? त्यांच्या एका कथेवर बोट ठेवायला सांगितलं तर त्यांच्या चाहत्यांत मारामारी होईल. ‘विदूषक’ म्हणणारे आहेत, ‘कैरी’ म्हणणारे आहेत, ‘प्रवासी’शिवाय दुसरं नाव न घेणारे आहेत. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला, आणि पुरस्कार त्यांनी परत केला. पुरस्कारानं त्या कथा मोठ्या झाल्या नव्हत्या आणि परत केल्यानं लहान झाल्या नाहीत.

या ग्रंथालयात ‘पिंगळावेळ’ची जुनी प्रत आहे. मी काल ती मागवून घेतली. टेबलावर पाठीवर ठेवली आणि हात काढला. ती आपोआप ‘स्वामी’वर उघडली. पुस्तकाची शिवण तिथं सैल झाली आहे, पानांचे कोपरे मऊ झाले आहेत, एका पानावर तेलकट बोटाचा ठसा आहे. परीक्षक मंडळ, समीक्षक, पाठ्यपुस्तक यांतलं कुणीही इथं आलं नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षं या गावातले लोक पुस्तक घरी नेत होते, परत आणत होते, आणि त्यांच्या हातांनी ही निवड केली.

‘स्वामी’ची हकिगत थोडक्यात सांगतो. प्रवासात अडकलेला एक सामान्य माणूस एका मठात येतो. त्याला आदरानं ठेवून घेतात, स्वामी म्हणून गादीवर बसवतात, आणि जमिनीखालच्या खोलीत कायमचं कोंडतात. खायला आहे, वाचायला आहे, सन्मान आहे, बाहेर जायला वाट नाही. हवा येण्यापुरतं एक भोक. त्या माणसाला तिथं एक वेल सापडतो. तो आपलं उरलंसुरलं सगळं त्या वेलाला देतो आणि त्याला वर, उजेडाकडं चढवत नेतो.

मी ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मृत्यूची वाटली. पुढं नोकरीत असताना वाचली तेव्हा ती नोकरीची वाटली. या व्याख्यानाच्या तयारीत परवा वाचली तेव्हा मी दचकलो. सन्मानानं गादीवर बसवायचं आणि दार चिणून टाकायचं, हे आपण कथांबाबत करतच आलो आहोत. ‘मानदंड’ म्हणायचं, जन्मशताब्दीला हार घालायचा, समग्र वाङ्मयाचे जाड खंड काढायचे आणि कपाटाला कुलूप लावायचं. अण्णा भाऊंच्या नावाचे चौक आहेत, पुतळे आहेत, आणि त्यांच्या कथासंग्रहाची सुटी प्रत मिळवायला मागच्या वर्षी मला चार दुकानं हिंडावी लागली.

आयोजकांनी मला शेवटी दहा नावं द्यायला सांगितली होती. मी दहा देत नाही. आज मला खात्रीनं चार देता येतात: ‘जेव्हा मी जात चोरली होती’, ‘स्मशानातील सोनं’, ‘लाल चिखल’ आणि ‘स्वामी’. पाचवी जागा कुसुमावतीबाईंच्या एका कथेची आहे. कोणती, ते माझं ठरत नाही. मी पुन्हा वाचतो आहे, दर वेळी वेगळी वाटते.

आणि ते ठरवायला मला या ग्रंथालयाची मदत हवी आहे. मागच्या खोलीत, शिडीमागच्या फळीवर, सुतळीनं बांधलेले ‘सत्यकथे’चे गठ्ठे आहेत. गुरुजींनी ते वर्गणी भरून जमवले आणि स्वतःच्या हातानं वर्षवार लावून ठेवले. काल मी पाहिलं, खालच्या गठ्ठ्याला ओल लागली आहे. त्यांत अशा किती कथा असतील ज्या कुठल्याच पुस्तकात आल्या नाहीत, ज्यांना दुसरा वाचक मिळालाच नाही. ग्रंथपालबाईंशी मी बोललो आहे. उद्या सकाळी दहाला त्या खोली उघडणार आहेत. ज्यांना जमेल त्यांनी या. येताना जुनी मऊ धोतरं किंवा सुती साड्या आणा, पानं पुसायला लागतील. ओल लागलेला गठ्ठा आधी सोडू.